‘पैकी’ लिहायचं राहिलं

दिवाळीत नातू आला होता. पुण्याला नोकरी करतो. काय करतो हे मला बरीच वर्षं कुणाला धड सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं म्हणून मी मोकळी व्हायची. पाडव्याच्या सकाळी बघते तर फराळाची ताटली मांडीवर, लॅपटॉप समोर आणि तोंड एवढंसं झालेलं.

"काय रे, चकलीत मीठ कमी आहे का?"

"नाही गं आजी. यंत्राचं पत्र आलंय. माझ्या कोडमध्ये चूक आहे म्हणे. इथे तर सगळं व्यवस्थित चालतंय!"

तर मंडळी, माझी छत्तीस वर्षं वह्या तपासण्यात गेली. "पण बाई, उत्तर तर बरोबर आलंय ना!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. उत्तर बरोबर आणि रीत चूक, असं गणित फार वाईट. चुकीचं उत्तर निदान पकडता तरी येतं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. त्या दिवशी सुरू झालेलं प्रकरण पुढे दोन महिने पुरलं. तो फोनवर सांगायचा, मी वहीत उतरवायची, शब्दकोश घेऊन थोडं वाचायची. मी पडले इतिहास आणि मराठीची बाई, त्यामुळे "हे आधी कुठून सुरू झालं?" हे विचारल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

आधी कर्नल म्हणजे काय ते सांगते. फौजेतला कर्नल नव्हे! संगणकावर आपण जे कार्यक्रम चालवतो त्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये बसलेलं हे मुख्य कार्यालय. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचं, सगळं याच्या हाती. मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले कप्पे, प्रत्येकाला क्रमांक. एखाद्या कप्प्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवला की त्याला म्हणायचं पॉइंटर. म्हणजे पॉइंटर हा शेवटी एक आकडाच.

गोम इथेच आहे. कर्नलकडे दोन प्रकारचे पत्ते असतात. काही त्याचे स्वतःचे, घरातले. काही बाहेरच्या कार्यक्रमाने हातात दिलेले, "साहेब, माझी माहिती या पत्त्यावर ठेवली आहे, घ्या" असं म्हणून. आता त्या बाहेरच्याने लबाडी करून कर्नलच्याच तिजोरीचा पत्ता दिला तर? कर्नल स्वतःच्या हाताने तिथे खाडाखोड करून बसेल, कारण कर्नलला कुठेही जायची मुभा असते. म्हणून नियम असा, की बाहेरून आलेल्या पत्त्यावर थेट जायचं नाही. त्यासाठी एक ठरलेली खिडकी आहे, ‘कॉपी फ्रॉम यूजर’ नावाची. ती पत्ता बाहेरच्याच हद्दीतला आहे ना हे बघते आणि तिथली माहिती नकलून आत आणते. मग पुढचं काम त्या नकलेवर. आमच्या शाळेत दाखल्याची मूळ प्रत पाहून कारकून रजिस्टरात नोंद करायचे आणि नंतर सगळे त्या रजिस्टरावरच चालायचे, तसंच. मूळ कागद पालकाच्या हातात. तो उद्या त्यात काय बदल करील याचा भरवसा नाही.

नियम सोपा आहे. पण दोन्ही पत्ते दिसायला सारखेच! हा आकडा आणि तोही आकडा. कोणता कोणाचा हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात.

आता थोडं मागे जाते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी १९६९-७० च्या सुमारास ‘बी’ नावाची भाषा केली. तिच्यात प्रकार हा प्रकारच नव्हता (कोटी जमली!). अक्षर, संख्या, पत्ता, सगळं एकाच मापाचा शब्द. डेनिस रिची यांनी तिच्यातून ‘सी’ घडवली, तीत प्रकार आले, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये नव्याने लिहिला गेला. पण सीचा स्वभाव मोकळाढाकळा. कंपायलरचं काम झटपट भाषांतर करायचं, फार चौकशा करायच्या नाहीत. म्हणून १९७८ च्या सुमारास तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी वेगळा तपासनीस लिहिला, ‘लिंट’. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले धाग्यांचे गुंडे. कार्यक्रम चालवायचा नाही, नुसता वाचायचा आणि गुंडे वेचून दाखवायचे. भाषांतर करणारा निराळा आणि वह्या तपासणारा निराळा, ही वाटणी मला फार आवडली. एकाच माणसाने दोन्ही केलं की तपासणी घाईत उरकली जाते हे मी स्वानुभवाने सांगते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत लिनक्स सुरू केलं ते १९९१ मध्ये. गंमत अशी की त्या पहिल्या काळात घर आणि बाहेर हा फरक यंत्रच पाळत होतं. इंटेलच्या ३८६ चिपवर बाहेरच्याची मेमरी वेगळ्या विभागात असे आणि तिथे जायला वेगळी वाट धरावी लागे. सरळ गेलात तर भलतंच काही हाती लागायचं, म्हणजे चूक तिथल्या तिथे उघडी. १९९६ मध्ये २.१ या मालिकेत ही रचना बदलली. काम वेगाने व्हावं म्हणून बाहेरच्याचे कप्पे कर्नलला सरळ दिसतील अशी सोय झाली. आणि तिथून इंटेलवर चुकीचं लिहिलेलंही चालायला लागलं! खिडकी टाळून थेट आत हात घातला तरी माहिती बरोबरच मिळायची. कितीही वेळा चालवून बघा, चाचणी पास. बाहेरच्याने लबाडी करेपर्यंत. (आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर आणि ६४ बिटांच्या स्पार्कवर मात्र घर-बाहेर वेगळंच राहिलं. तिथे हाच कोड कोलमडायचा. पण लिहिणारे बहुतेक सगळे इंटेलवाले.)

म्हणजे चालवून कळणार नाही. वाचूनच कळेल. पण लाखो ओळी वाचणार कोण?

स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉसन एंगलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक तपासनीस केला. २००० सालच्या त्यांच्या निबंधात लिनक्स आणि इतर प्रणालींमधल्या मिळून सुमारे ५०० चुका दाखवल्या होत्या. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्यांनी मोजून सांगितलं, की निरनिराळी उपकरणं जोडणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांत, चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलपेक्षा तिपटीपासून सातपटीपर्यंत आहे. (हे ऐकून नातू गप्प. तो ड्रायव्हरच लिहितो.) चुका सगळ्यांना कळल्या, दुरुस्तही झाल्या, पण ते साधन काही सर्वांच्या हाती आलं नाही. २००२ मध्ये त्याच मंडळींनी त्यातून कंपनी काढली.

२००३ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच एक छोटा तपासनीस लिहायला घेतला. नाव ‘स्पार्स’. याची कल्पना अगदी साधी आहे. बाहेरून आलेल्या पत्त्याच्या नावाआधी एक खूण लिहायची, दोन अधोरेषा आणि पुढे ‘यूजर’. बस्स. नेहमीचं भाषांतर होताना ही खूण कोरी असते, यंत्रापर्यंत पोचतच नाही. तयार होणाऱ्या कर्नलमध्ये एका बिटाचाही फरक नाही. पण स्पार्स वाचायला बसला की त्याला ती दिसते, आणि तिचा अर्थ तो असा घेतो, की हा पत्ता दुसऱ्या मुलखातला आहे आणि याच्यावर थेट जायला मनाई आहे. कुणी गेलं किंवा तो घरच्या पत्त्याच्या जागी वापरला, की लगेच लाल शेरा.

नातू म्हणाला, "आकडा तोच गं आजी, फक्त कोणाचा ते लिहायचं." तो बोलत होता आणि मला एकदम १९८४ सालचा एप्रिल महिना दिसायला लागला.

नववीची वर्गशिक्षिका मी. निकालपत्रक माझ्या हातचं. बहुतेक मुलांना पूर्ण हिंदी, १०० गुणांचं. पाच-सहा मुलांना संयुक्त, म्हणजे हिंदी ५० आणि संस्कृत ५०. हिंदीच्या बाईंनी गुणांची यादी दिली ती दोन्ही मिळून एकच, आकडे एकाखाली एक, कुठेही ‘पैकी’ नाही. त्या वर्षीच दुसऱ्या गावाहून आलेला एक मुलगा, त्याच्यापुढे ३१. मी १०० च्या रकान्यात ३१ लिहिले, खाली लाल रेघ मारली. बाकी विषयांत तो काठावरच होता. हिंदीत नापास म्हणून वर्ष गेलं. जूनमध्ये रजिस्टर मुख्याध्यापकांकडे गेलं तेव्हा चूक निघाली, ते ५० पैकी ३१ होते. निकाल दुरुस्त झाला. शाळेने पत्र पाठवलं, मी स्वतः घरी गेले. मुलगा मे महिन्यातच काकांबरोबर मुंबईला हॉटेलात कामाला लागला होता. वडील म्हणाले, "आता राहू द्या बाई, पैसे पाठवायला लागलाय." मला कुणी बोललं नाही. आकडा तर मी बरोबरच उतरवला होता.

असो. स्पार्सकडे येते.

साधन लिहून झालं, पण खुणा कोण करणार? कर्नलमध्ये बाहेरचे पत्ते जागोजागी. एका ठिकाणी खूण केली की तो पत्ता जिथे जिथे पुढे जातो तिथे तिथे करावी लागते, नाहीतर शेऱ्यांचा पाऊस. हे काम कुणी प्रकल्प आखून, पैसे मोजून करून घेतलेलं नाही. २००४ पासून त्यातला फार मोठा वाटा अल व्हिरो या एका माणसाने उचलला. फाईलमागून फाईल, खुणा करत जायचं, आणि खुणा करताना ज्या खऱ्या चुका सापडतील त्या दुरुस्त करायच्या. याने कर्नल जलद झाला नाही की त्याला नवं काही येऊ लागलं नाही. हजारो ठिकाणी ‘पैकी’ लिहिलं गेलं, इतकंच. माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेत सगळ्यात मोठं काम हेच. पण असल्या कामाचा सत्कार होत नाही.

याला दुसरीही वाट होती. बर्कली विद्यापीठात रॉब जॉन्सन आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ‘सीक्वाल’ हे साधन सुधारून घेतलं. त्यात थोड्याच ठिकाणी खुणा करायच्या, बाकीचं यंत्राने तर्काने ओळखायचं. २००४ च्या त्यांच्या निबंधात अशा पत्त्यांच्या १७ चुका आहेत, ज्यांचा बाहेरच्याला प्रत्यक्ष गैरफायदा घेता आला असता. त्यांतल्या काही माणसांनी डोळ्यांत तेल घालून वाचूनही निसटलेल्या होत्या. विद्वत्ता म्हणाल तर ही वाट जास्त हुशारीची. पण कर्नलमध्ये टिकली ती हाताने केलेली खूण. मला वाटतं त्याचं कारण असं, की तर्काने ओळखलेली गोष्ट यंत्रापाशीच राहते आणि लिहिलेली खूण पुढच्या वाचणाऱ्याला दिसते. पाच वर्षांनी ती ओळ बदलायला कुणी नवखा येईल, त्यालाही कुणाला न विचारता कळेल.

२००४ मध्येच उपकरणांच्या पत्त्यांसाठी ‘आयओमेम’ ही दुसरी खूण आली, आणि मग आली ती नातवाला नडलेली. ही जरा सावकाश सांगते, कारण ती आपल्याला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळावी.

पहिली-दुसरीच्या पोराला ‘पंचवीस’ लिही म्हटलं की हमखास ५२ लिहिणारा एक तरी निघतोच. त्याचं काय चुकलं? आपण बोलतो आधी पाच आणि मग वीस. लिहितो आधी वीस आणि मग पाच. इंग्रजीत बोलतानाही वीस आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. संगणकातही हेच भांडण. मोठी संख्या चार कप्प्यांत मांडायची तर लहान भाग आधी ठेवायचा की मोठा? इंटेल लहान आधी ठेवतं. इंटरनेटवरून जाणाऱ्या पाकिटांच्या मथळ्यांत मोठा आधी. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांतही मोठा आधी. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या दोन पंथांना गलिव्हरच्या गोष्टीतली नावं दिली. अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून लढणारे लोक आहेत ना तिथे, ते!

चुकीच्या बाजूने वाचलं तर साधा १ सुद्धा १,६७,७७,२१६ होतो. उपकरणाकडून आलेली संख्या ‘लहान-आधी’ असेल तर वापरण्यापूर्वी ती यंत्राच्या रीतीत बदलून घ्यायची, असा नियम आहे. पण इंटेलची रीत मुळातच लहान-आधी, त्यामुळे तिथे हे बदलणं म्हणजे काहीच न करणं. विसरलात तरी चालतं. पुन्हा तेच, चूक आहे आणि चालते आहे! म्हणून स्पार्समध्ये अशा संख्यांना वेगळी नावं दिली: ही ३२ बिटांची लहान-आधी, ही ३२ बिटांची मोठी-आधी. त्यांच्यात सरळ बेरीज केली किंवा एकीच्या जागी दुसरी ठेवली की तक्रार. शून्याला मात्र सूट आहे. शून्य कुठल्याही बाजूने वाचा, शून्यच. (ही सूट वाचून मला का कोण जाणे फार आनंद झाला.)

ही तपासणी सुरुवातीला आपोआप होत नसे, मुद्दाम मागावी लागे. जुन्या कोडमधून एवढे शेरे निघायचे की खरी चूक त्यांत बुडून जाईल. सगळ्यांसाठी ती सुरू झाली २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ४.१० या आवृत्तीपासून. साधन आल्यावर बारा-तेरा वर्षांनी.

शेरा टाळायचीही सोय आहे बरं का. ‘फोर्स’ अशी एक खूण लिहिली की स्पार्स त्या जागी तोंड मिटतो. काही ठिकाणी तिची खरी गरज असते. पण सरकारी कागदावर ‘विशेष बाब म्हणून’ लिहिलं की काय काय पुढे सरकतं, हे नोकरी केलेल्यांना मी काय सांगावं!

आणि खुणेने सगळं साधतं असंही नाही. २००८ च्या फेब्रुवारीत ‘व्हीएमस्प्लाइस’ नावाच्या सेवेतली चूक उघडकीस आली. यंत्रावर साधं खातं असलेला कुणीही तिच्या आधाराने मालक होऊन बसू शकत होता. बाहेरच्या पत्त्यावर ‘यूजर’ ही खूण तिथे होती. फक्त तो पत्ता खरोखर बाहेरच्याच हद्दीतला आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. स्पार्सला बोलण्यासारखं काही नव्हतं. २०१७ मध्ये ‘वेटआयडी’ या सेवेत जवळजवळ याच जातीची चूक पुन्हा झाली, पुन्हा खूण जागेवर आणि हद्दीची तपासणी गायब. म्हणजे पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं, पण पाकीट उघडून पाहिलं का, हे नाव सांगत नाही.

मधल्या काळात यंत्रही सुधारलं. घर आणि बाहेर यांच्यातली १९९६ साली गेलेली भिंत इंटेलने चिपमध्येच पुन्हा उभी केली. लिनक्समध्ये तिची तयारी २०१२ मध्ये झाली आणि तशा चिपा २०१४ पासून बाजारात आल्या. आता ठरलेल्या खिडकीखेरीज कर्नलने बाहेरच्या कप्प्यात हात घातला की यंत्रच अडवतं. शिवाय २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये ‘रस्ट’ ही भाषा शिरली आहे. तिच्यात तपासनीस वेगळा नाही, भाषांतर करणाराच इतका कडक की प्रकार जुळला नाही तर पुढे जाऊच देत नाही. नातू तिच्यावर खूश आहे. पण सीमधला कोड अजून प्रचंड आहे आणि तो रातोरात नाहीसा होणार नाही, त्यामुळे खुणा लागणारच असं तोच म्हणतो.

आता त्याच्या पत्राचं. कर्नलमध्ये भर घालायला कुणी बदल पाठवला की एक यंत्रमानव तो निरनिराळ्या तऱ्हांनी बांधून बघतो, त्यावर स्पार्सही चालवतो, आणि नवीन शेरे पाठवणाऱ्याला कळवतो. नातवाने उपकरणाकडून आलेली लांबी, दोन कप्प्यांची, लहान-आधी, तशीच उचलून तुलनेत वापरली होती. त्याच्या लॅपटॉपवर ६४ म्हणजे ६४. मोठी-आधी यंत्रावर त्याच ६४ चे १६,३८४ झाले असते. "पण हे उपकरण तसल्या यंत्राला कोण जोडतंय, आजी?" असं तो म्हणाला, आणि "फोर्स लिहून टाकू का?" असंही, अर्थात गमतीत.

मी काही बोलले नाही. त्या नववीतल्या मुलाबद्दल मी त्याला तोवर सांगितलं नव्हतं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग ताटली बाजूला ठेवली, ती ओळ दुरुस्त केली, त्याच फाईलमध्ये तशाच आणखी दोन सापडल्या त्याही केल्या, आणि दुपारी जेवणाआधी पुन्हा पाठवून दिलं. भाऊबीजेला तो निघाला तोपर्यंत यंत्राचं काही पत्र आलं नव्हतं. सगळं ठीक असेल तर ते बहुतेक गप्पच राहतं म्हणे.